साच्यातला वाडगा: ग्रीक ठशांपासून भट्टीपर्यंत

इ.स.पू. तिसरं शतक सरत आलं तेव्हा अथेन्सच्या कुंभारवाड्यात पिण्याच्या भांड्याचा एक नवा घाट निघाला. कान नाहीत, बैठक नाही. नारळाची करवंटी असावी तसा गोल वाडगा, आतून साधा, बाहेरून मात्र काठाखाली दोन बोटं जागा सोडून सगळा उठावाच्या नक्षीनं भरलेला. त्यापुढे इ.स.पू. पहिल्या शतकापर्यंत हा वाडगा ग्रीक जगात सगळीकडे दिसतो: अथेन्स, कॉरिंथ, मॅसिडोनिया, इफिसस, डेलोस बेट आणि पुढे इटली. एकोणिसाव्या शतकात काही नमुने अथेन्सजवळच्या मेगारा शहराहून आल्याचं सांगितलं गेलं, म्हणून अभ्यासकांनी त्यांना ‘मेगारियन वाडगे’ म्हटलं. मेगारा काही या वाडग्यांचं मुख्य केंद्र नव्हतं, पण नाव चिकटलं ते चिकटलं.

हा घाट मुळात धातूचा. चांदीचे असे वाडगे इजिप्तमध्ये टॉलेमी राजांच्या काळात वापरात होते, आणि मातीच्या वाडग्यांवर दिसणाऱ्या कमळाच्या पाकळ्या त्याच दिशेनं बोट दाखवतात. अथेन्सच्या अगोरातले, म्हणजे प्राचीन बाजारचौकातले, वाडगे अभ्यासणाऱ्या सुसान रोट्रॉफ यांनी 1982 साली असं मांडलं की तिसऱ्या टॉलेमीच्या सन्मानार्थ इ.स.पू. 224-223 च्या सुमारास अथेन्समध्ये टॉलेमाइया हा उत्सव सुरू झाला आणि त्या निमित्तानं आलेली चांदीची भांडी पाहून कुंभारांनी हा प्रकार उचलला. पुढे 2006 मध्ये त्यांनी स्वतःच हा प्रश्न पुन्हा तपासायला घेतला. तारीख थोडी पुढेमागे झाली तरी मातीत चांदीचं काम करायचं होतं ही गोष्ट वाडग्याकडे पाहताच पटते.

मी चाकावर काम करते आणि गेली काही वर्षं हे वाडगे जुन्या रीतीनं करून पाहते आहे. एक गोष्ट फार उशिरा लक्षात आली, ती आधीच सांगते: या कामात वाडगा करणं हा सोपा भाग आहे. सगळी कला, सगळी चूक आणि सगळं दुःख साच्यात आहे. वाडगा अर्ध्या तासात होतो. साच्याला मात्र पंधरा दिवस द्यावे लागतात, आणि ते दिले नाहीत तर त्यातून निघणारा प्रत्येक वाडगा तीच चूक पुन्हा पुन्हा दाखवत राहतो.

आधी डोळे तयार करा

अथेन्सच्या अगोरा संग्रहालयात, लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये, पॅरिसच्या लूव्हरमध्ये, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्ये हे वाडगे आहेत. बऱ्याच वाडग्यांची छायाचित्रं संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर मोठी करून पाहता येतात. माती हातात घेण्यापूर्वी दोन संध्याकाळी त्यांच्यासाठी ठेवा. सौंदर्य तर दिसेलच, त्यासोबत कुंभाराची कृती शोधा. एका ठशावर दुसरा ठसा कुठे चढला आहे? ओळ पूर्ण गोल फिरून आल्यावर शेवटचं पान चेपून बसवलंय का? नक्षी कुठे संपते आणि साधा काठ कुठे सुरू होतो? या जागा दिसू लागल्या की कृती आपोआप उलगडते.

रचना बहुतेक अशी असते. तळाला मध्यभागी एक गोल पदक, त्यात फूल किंवा चेहरा. पदकाभोवती पानांचा किंवा पाकळ्यांचा घेर, कळीच्या देठाशी असतो तसा. त्याच्यावर मुख्य भिंत. भिंतीच्या वर एकदोन बारीक पट्ट्या: मणी, वेटोळी, अंड्यांची माळ. आणि सगळ्यात वर कोरा काठ.

मुख्य भिंतीवर काय आहे त्यावरून प्रकार पडतात. पाईनच्या फळासारखे खवले असलेले वाडगे अगदी आरंभीचे. मग एकावर एक चढलेल्या पानांचे, वेलींचे, आणि आकृत्यांचे: प्रेमदेव इरॉस, शिकारी, डॉल्फिन, भांड्याच्या दोन बाजूंना उभे बोकड. इ.स.पू. दुसऱ्या शतकात लांब पाकळ्यांचे वाडगे आले आणि खूप चालले, कारण ते भराभर होतात. तळापासून काठापर्यंत सरळ पाकळ्या, बस्स. काही वाडग्यांवर मॅसिडोनियन ढालीसारखी अर्धवर्तुळं आहेत. आणि एक गट फार वेगळा, ज्याला ‘होमरिक वाडगे’ म्हणतात. त्यांवर महाकाव्यांतले आणि नाटकांतले प्रसंग आहेत, सोबत पात्रांची नावंही. बर्लिनच्या वाडग्यावर ओडिसीतला, ओडिसियसच्या बायकोला मागणी घालायला जमलेल्यांच्या वधाचा प्रसंग आहे. मेट्रोपॉलिटनमधल्या वाडग्यावर नाटककार युरिपिडीसच्या ‘ऑलिस येथील इफिजिनिया’तले प्रसंग आहेत आणि दिओनिसिओस या कारागिराची सहीही. मातीच्या वाडग्यावर अख्खा नाट्यप्रवेश मावतो, हे मला आजही थक्क करतं.

पहिल्याच खेपेला आकृत्यांच्या मागे लागू नका. एकावर एक चढलेल्या पानांचा वाडगा करा. त्याला तीनचार ठसे पुरतात आणि सगळं तंत्र त्यात येतं. पुढचे आकडे त्याच वाडग्याचे आहेत.

आकुंचनाचं गणित

माती वाळताना आणि भाजताना आक्रसते. किती, ते मातीवर ठरतं. आपल्या मातीची बरोबर दहा सेंटिमीटरची पट्टी करा, त्यावर रेघा मारा, वाळवा, भाजा आणि मोजा. दहाची नऊ झाली तर आकुंचन दहा टक्के. हा प्रयोग टाळू नका, कारण इथे आकुंचन एकदा होत नाही. ओला साचा आक्रसतो, मग त्या साच्यात घडलेला वाडगाही आक्रसतो.

दहा टक्के धरून चालू. तयार वाडगा काठाशी 13 सेंमी हवा आहे. मग ओला वाडगा 14.4 सेंमी, म्हणजे भाजलेल्या साच्याचा आतला व्यास तेवढा. म्हणून ओल्या साच्याचा आतला व्यास 16 सेंमी. अथेन्सचे बरेच तयार वाडगे 13 सेंमीच्याच सुमाराचे आहेत. ठशांचंही तसंच. वाडग्यावर पान 1.27 सेंमी रुंद दिसायचं तर भाजलेला ठसा सुमारे 1.57 सेंमीचा लागतो, आणि तो ठसा ओला असताना सुमारे 1.74 चा. सगळे आकडे एका कागदावर लिहून चाकासमोर चिकटवा.

माती

तिन्ही गोष्टींना एकच माती वापरा: ठसा, साचा, वाडगा. टेराकोटासाठी मिळणारी लाल माती चालेल, पण ती बारीक चाळणीतून गाळलेली हवी. साच्याच्या मातीत खापराची अगदी बारीक भुकटी दहाएक टक्के घाला, म्हणजे जाड भिंत वाळताना तडकणार नाही. भुकटी जाड असेल तर ठशाचा बारीकपणा मरतो. वाडग्याच्या मातीत काही घालू नका. ती चार दिवस आधी मळून ओल्या फडक्यात मुरत ठेवा.

ठसे

ठसा म्हणजे बोटभर मातीचा दांडा, ज्याच्या टोकावर नक्षी उठावात आहे. तो ओल्या साच्यात दाबला की खड्डा होतो, आणि त्या खड्ड्यात वाडग्याची माती भरली की पुन्हा उठाव मिळतो. म्हणजे ठशावर जे दिसतं तेच वाडग्यावर दिसेल, त्याच बाजूनं. मधला साचा तेवढा उलटा. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचे गोंधळ टळतात.

पानाचा ठसा सरळ कोरता येतो. दांडा घट्ट होऊ द्या. नखानं रेघ उठते पण माती बोटाला लागत नाही, ती अवस्था. मग बाजूची माती काढून पान उभं ठेवा, मधली शीर आणि कडेच्या शिरा कोरा. इथे तीन गोष्टी पाळायच्या.

पहिली, उठावाच्या बाजू उतरत्या हव्यात. कुठेही माती आत वळली, तर वाडगा साच्यात अडकतो आणि निघताना पान साच्यातच राहतं. दुसरी, ठशाचं तोंड पानाच्या बाह्यरेषेवरच संपवा. भोवती सपाट जागा ठेवली तर तिची कडाही साच्यात उमटते. तिसरी मला कुणी सांगितली नव्हती आणि तिच्यापायी माझा पहिला साचा वाया गेला: ठशाचं तोंड सपाट ठेवू नका, किंचित फुगीर ठेवा. साच्याची भिंत आतून खोलगट असते. सपाट ठसा तिथे दाबला की कडा खोल जातात आणि मधली शीर उमटतच नाही.

आपल्याला चार ठसे लागतील: एक मोठं पान, 1.57 सेंमी रुंद. एक लहान पान, 1.2 सेंमी, तळासाठी आठ पाकळ्यांचं फूल, आणि वरच्या पट्टीसाठी एक मणी. ही मापं भाजल्यानंतरची. खोली दोन ते तीन मिलिमीटर पुरे. ठसे सावलीत वाळवून 900 अंश सेल्सिअसला भाजा. भाजलेला ठसा थोडी ओल शोषतो, म्हणून ओल्या मातीतून सुटा निघतो.

चेहरा किंवा प्राणी हवा असेल तर उलटा मार्ग सोपा. आधी मऊ दगडात किंवा घट्ट मातीत तो खोलगट कोरा, आणि त्यात माती दाबून ठसा घ्या. मात्र खोलगट कोरलेली माती भाजून वापरलीत तर तिचंही आकुंचन हिशेबात धरा.

साचा

प्लास्टर ऑफ पॅरिसचा साचा करावा का, असं विचारणारे खूप भेटतात. माझं म्हणणं, करू नये. प्लास्टरमध्ये ठसे दाबता येत नाहीत. आधी मातीचा नमुना करून त्यावर प्लास्टर ओतावं लागतं. म्हणजे एकेक ठसा हातानं मांडत जाण्याचं जे या कामाचं मर्म, तेच जातं. शिवाय प्लास्टरचा कण वाडग्याच्या मातीत शिरला तर भाजल्यावर तिथला टवका उडतो. ग्रीक साचे मातीचेच, भाजलेले आणि झिलई न दिलेले. साच्यातून मातीकाम काढणं आपल्यालाही नवं नाही. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला सातवाहनकाळातल्या पांढऱ्या केओलिन मातीच्या, दोन भागांच्या साच्यांतून काढलेल्या मूर्ती सापडल्या आहेत. तिथल्या लामतुरे संग्रहालयात त्या जरूर पाहा. दोन साच्यांची सांधरेघ कशी मिटवली आहे तेवढंच बघायला गेलात तरी फेरी वाया जाणार नाही.

साच्यासाठी अडीच ते तीन किलो माती घ्या. चाकावर जाड वाडगा उठवा: भिंत दीड ते दोन सेंमी, बाहेरून सपाट रुंद बूड, आतून अर्धगोल. आतला घाट डोळ्यांवर सोडू नका. जाड पुठ्ठ्याचं किंवा पत्र्याचं 8 सेंमी त्रिज्येचं अर्धवर्तुळ कापा आणि फिरत्या साच्यात धरून आतली माती खरवडा. तळाशी मात्र 3.5 सेंमी व्यासाची जागा सपाट ठेवा, नाहीतर वाडगा उभा राहणार नाही. वरचा काठ सपाट कापा. भिंत वरच्या बाजूला जराही आत झुकू देऊ नका. उभी असावी किंवा केसभर बाहेर.

आता थांबायचं. किती वेळ, ते हवा ठरवते. उन्हाळ्यात मला चारपाच तास पुरतात, पावसाळ्यात दुसरा दिवस उजाडतो. अंगठ्यानं दाबल्यावर खळगा पडावा पण माती अंगठ्याला चिकटू नये. फार ओला असताना ठसा दाबला तर भिंतच बाहेर जाते, फार घट्ट झाल्यावर दाबला तर कडा फाटतात. योग्य अवस्था तासा-दीड तासाची असते. त्या वेळात फोन बंद, दार बंद. काम लांबलं तर राहिलेल्या भागावर ओलं फडकं टाका.

साचा चाकावर मध्यात ठेवा. आधी चाकानं करायच्या रेघा: काठाखाली अर्ध्या सेंमीवर एक, तिच्याखाली एक सेंमीवर दुसरी, आणि तळाच्या सपाट जागेभोवती एक वर्तुळ. साच्यातली खाच वाडग्यावर उठावाची रेघ होईल.

मग वाटणी. 16 सेंमी व्यासाचा घेर सुमारे 50 सेंमी. एवढ्या लांबीची कागदी पट्टी पाच वेळा दुमडलीत की 32 भाग मिळतात आणि प्रत्येक भाग 1.57 सेंमीचा, म्हणजे आपल्या मोठ्या पानाएवढा. पट्टी साच्याच्या काठाला लावून 32 बारीक खुणा करा. कितीतरी जुन्या वाडग्यांवर शेवटचं पान अर्धं दबलेलं दिसतं. तिथल्या कुंभारानं खुणा केल्या नव्हत्या, अंदाजानं दाबत गेला आणि शेवटी जागा कमी पडली. आपल्याला त्याच्याइतका सराव नाही, म्हणून खुणा.

आता क्रम. इथे जवळपास सगळे चुकतात. साच्यात जो ठसा नंतर दाबला जातो, तो आधीच्याला खोडतो, म्हणून वाडग्यावर नंतरचा ठसा पुढे आणि अखंड दिसतो. आपल्याला पानांची टोकं काठाकडे हवीत आणि खालच्या ओळीनं वरच्या ओळीची मुळं झाकलेली हवीत. म्हणून सुरुवात वरच्या ओळीपासून करायची आणि तळाकडे उतरत जायचं. मोठ्या पानाच्या दोन ओळी, मग लहान पानाच्या दोन. दुसऱ्या ओळीतलं पान वरच्या दोन पानांच्या मधोमध बसवा, विटांची भिंत रचतात तसं. खाली घेर लहान होत जातो: 12 सेंमी व्यासाशी तो पावणेअडतीस सेंमी, म्हणजे 32 पानांना प्रत्येकी 1.18. म्हणूनच ते लहान पान. सगळ्यात खालच्या ओळीत पानं एकमेकांवर थोडी चढतील. चढू द्या, ते शोभतं. वरच्या दोन रेघांमध्ये मण्यांची ओळ दाबा, आणि अगदी शेवटी तळाचं फूल.

ठसा दाबताना दुसऱ्या हाताचा तळवा बाहेरून बरोबर त्याच जागी टेकवा. ठसा सरळ खुपसू नका. एका कडेनं टेकवून हलकेच दुसऱ्या कडेकडे लोळवा आणि तसाच उचला. चिकटत असेल तर टोकाला चाळलेली राख लावा. ठशाच्या कडेला मातीची बारीक कणी वर येते. तिला ओली असताना हात लावू नका, फासली जाते. साचा पूर्ण वाळल्यावर मऊ कुंचल्यानं झटकली की निघते.

नाव घालायचं असेल तर आत्ताच. इफिससच्या मेनेमाखोसनं आपलं नाव वाडग्यांवर घातलं. त्याच्या वर्कशॉपचे वाडगे डेलोसवर ढिगानं सापडले. इटलीत पोपिलियसचं नाव असंच सापडतं. साच्यात काडीनं सरळ लिहिलंत तर वाडग्यावर ते आरशातल्यासारखं उलटं येईल. एकतर उलटं लिहा, नाहीतर नावाचा ठसा करा. देवनागरी उलटी लिहिणं अवघड आहे, वेलांट्या हमखास चुकतात. ट्रेसिंग पेपर उलटा धरून टोचून घ्या.

साचा पालथा न घालता, उताणा, सावलीत, वर कागद ठेवून आठवडाभर वाळू द्या. भाजायचं 900 अंशांपर्यंतच. जास्त भाजलेला साचा पाणी शोषत नाही, आणि शोषला नाही तर वाडगा सुटत नाही.

वाडगा

भाजलेला साचा चाकावर मध्यात बसवा, तीन बाजूंनी मातीच्या वळ्या लावून पक्का करा. आतून ओल्या स्पंजचा एकच हात फिरवा. अगदी कोरडा साचा माती इतक्या वेगानं आवळतो की ती हातात येण्याआधीच तडकते.

साडेचारशे ग्रॅम मऊ माती घ्या. आधी त्यातला लिंबाएवढा गोळा तळाच्या फुलात अंगठ्यानं मधून बाहेर दाबत बसवा. मग बाकीची माती त्यावर ठेवून चाक हळू फिरवा आणि तळापासून वर दाबत चला. बोटं मातीला वर ओढण्यापेक्षा बाहेर ढकलतील असं बघा. नक्षीत माती शिरायला हा दाबच लागतो. मातीची घडी पडू देऊ नका. घडी पडली तर ती भाजल्यावर बाहेर रेघ होऊन दिसते. भिंत तीनचार मिलिमीटरची झाली की माती साच्याच्या वर दोन सेंमी चढवा. हा भाग साच्याबाहेर, मोकळ्या चाकावर घडतो, म्हणूनच जुन्या वाडग्यांचा काठ कोरा असतो. काठ किंचित बाहेर कलता ठेवा, पण साच्याच्या कडेवर टेकू देऊ नका. वाडगा आक्रसताना खाली सरकतो. काठ कडेवर अडकला तर बरोबर तिथेच गोल तडा जातो. माझे सुरुवातीचे चार वाडगे असेच गेले.

आतून रबरी रिबनं, म्हणजे कुंभाराच्या लवचीक पट्टीनं, एकदा गुळगुळीत करून सोडून द्या. दीडदोन तासांत साचा आणि वाडगा यांच्यात केसाएवढी फट दिसू लागेल. वर फळी ठेवा, दोन्ही एकत्र उलटं करा, साच्यावर तळव्यानं दोनदा थोपटा. वाडगा फळीवर उतरतो. पहिल्यांदा तो उतरला आणि बत्तीस पानं एकदम समोर आली, तेव्हा मी बराच वेळ नुसती बसून होते.

एका साच्यातून दिवसाला दोन, फार तर तीन वाडगे काढा. त्यानंतर साचा ओलीनं भरतो आणि माती सोडत नाही. त्याला उन्हात पूर्ण सुकवा. खूप वापरानं नक्षी बोथट होत जाते. जुने साचेही झिजेपर्यंत वापरले जात, म्हणून काही वाडग्यांवरच्या आकृत्या विरघळत चाललेल्या साबणाच्या वडीसारख्या दिसतात.

वाडगा घट्ट झाल्यावर साच्याच्या कडेची खूण ओल्या बोटानं पुसा. अथेन्सचे कुंभार काठाखाली आणि पदकाभोवती खोबण खरवडून घेत. झिलईनंतर खरवडलेल्या या खोबणीत मूळ मातीचा रंग उघडा पडे, आणि कधी तिच्यात मिल्टोस, म्हणजे आपला गेरू, भरत. काळ्या वाडग्यावर ती लाल रेघ फार गोड दिसते.

झिलईचा घोळ

ग्रीकांची काळी झिलई काचेची नाही. ती मातीचीच, अतिशय बारीक कणांची. घरी करायची तर एक किलो कोरडी लाल माती तीन लिटर पाण्यात पाच ग्रॅम सोडियम सिलिकेट घालून ढवळा. पाणी बोअरचं जड नको; पावसाचं किंवा फिल्टरचं घ्या. जड पाण्यात कण गुठळ्या करून खाली बसतात. पारदर्शक बरणीत वीस तास न हलवता ठेवा. वर पातळ पाणी, मध्ये रेशमासारखा घोळ, खाली जाड गाळ असे थर दिसतील. वरचं पाणी काढून टाका, मधला थर बारीक नळीनं ओढून घ्या, गाळाला धक्का लावू नका. हा घोळ उघड्या ताटात ठेवून आटवा. 100 मिलिलिटरचं वजन 113 ते 115 ग्रॅम भरलं की तयार.

जुने कुंभार वाडगा धरून घोळात बुडवत. पूर्ण वाळलेला पातळ वाडगा एकदम बुडवला तर तडकू शकतो, म्हणून नवशिक्यानं मऊ रुंद कुंचल्यानं दोनतीन पातळ हात द्यावेत. पानांच्या खोबणींत घोळ साचू देऊ नका, तिथे पापुद्रा सुटतो. सपाट भांड्यावर हा घोळ कापडानं घोटून चकाकी आणतात. उठावावर घोटायला गेलात तर शिरा पुसल्या जातील. कोरड्या मऊ ब्रशचे दोनचार हात पुरेत.

भट्टी

लाल वाडगा हवा असेल तर विजेची भट्टी चालते. तो काही कमअस्सल नव्हे. काळ्यासोबत लाल, तपकिरी, करडे वाडगेही तेव्हा निघत. 120 अंशांवर दोन तास, झाकण किंचित उघडं. मग ताशी 70 अंशांनी 600 पर्यंत. पुढे ताशी 120 नं 950 पर्यंत. एक हजाराच्या वर हा घोळ चकाकी गमावतो.

काळा हवा तर लाकडाची किंवा गॅसची भट्टी लागते, आणि ती उघड्यावरच हवी. धूर कोंडण्याच्या टप्प्यात कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. बंद खोलीत किंवा गच्चीच्या बंदिस्त कोपऱ्यात हे करू नका. विजेच्या भट्टीतही धूर कोंडू नका, तिच्या तारा खराब होतात.

टप्पे तीन. सुमारे 850 अंशांपर्यंत भरपूर हवा देऊन भाजायचं. वाडगा पूर्ण लाल होतो. मग हवेच्या वाटा बंद करून ओलसर लाकूड घालायचं आणि 950 च्या आसपास पोचायचं. प्राणवायू न मिळाल्यानं मातीतलं लोह काळं होतं, वाडगाही आणि झिलईही. याच उष्णतेला झिलईचे कण एकमेकांत मिसळून घट्ट बंद होतात. मग 900 च्या सुमारास पुन्हा हवा सोडायची. अंगाची माती सच्छिद्र, तिच्यात हवा शिरते आणि ती परत लाल होते. झिलई मिटलेली, तिच्यात हवा शिरत नाही, ती काळीच राहते. एकाच मातीचे दोन रंग, फक्त कणांच्या बारीकपणामुळे. हवा फार लवकर किंवा फार वेळ दिलीत तर झिलईवर लाल डाग पडतात.

वाडगे एकात एक रचले तर जिथे वरचा वाडगा टेकतो तिथे गोल पट्टा वेगळ्या रंगाचा येतो. जुन्या वाडग्यांवर तो सर्रास दिसतो. मी तो टाळत नाही.

तयार वाडगा चहाकॉफीला वापरू नका, माती रस शोषते. लोणचं, दही नकोच. बदाम, चणे-दाणे, सुटी फुलं यांना छान.

तुटलेला किंवा आवडलेला वाडगा घेऊन त्यावरूनच नवा साचा काढायचा मोह होईल. काढता येतो, पूर्वीही काढत. पण पुन्हा दोनदा आकुंचन: 13 चा वाडगा साडेदहाचा होतो आणि शिरा मऊ पडतात. एकाच नक्षीचे लहान होत गेलेले वाडगे सापडले की अभ्यासक त्यावरूनच मूळ कोणता आणि नक्कल कोणती ते ओळखतात. तसंच एका ठशाच्या कडेला असलेला टवका वेगवेगळ्या साच्यांत दिसला की ते साचे एका वर्कशॉपचे ठरतात. अथेन्समधल्या बियोनच्या वर्कशॉपसारखे गट अशाच समान ठशांवरून जुळवले गेले. हीच ठसा-साच्याची रीत पुढे इटलीतल्या अरेझोच्या लाल भांड्यांनी घेतली, आणि त्या लाल घराण्याची खापरं 1945 मध्ये पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांच्या उत्खननात पुद्दुचेरीजवळ अरिकामेडूला निघाली.

म्हणून ठसे जपा. प्रत्येकाच्या दांड्यावर क्रमांक कोरा, साच्याच्या बुडाला तारीख आणि मातीचं नाव, आणि वहीत कोणत्या साच्यात कोणते ठसे ते लिहा. पुढच्या साच्यासाठी नवा ठसा एकच करा. बाकीचे तेच घेऊन मांडणी बदला: पानं मोठी खाली, लहान वर, आणि मधल्या मोकळ्या पट्टीत तो एक नवा पक्षी किंवा मासा.